ससा, खरगोश आणि ससेमिरा

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या नातीने एका सचित्र पुस्तकात एका प्रचंड सशाचे चित्र पाहिले. शेजारी बसलेल्या कुत्र्याएवढा तो ससा पाहून तिने विचारले, ‘‘आबा, असा ससा आपल्याकडे आणायचा का?’’ धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंनी तेवढ्यात चित्रात डोकावून ‘‘इत्ता बड़ा खरगोश!’’ असा उद्गार काढला. लष्करातील मराठी घरांत एकाच वस्तूला दोन नावे असणे नवीन नाही. स्वयंपाकघरात एक, अंगणात दुसरे, आणि दोन्ही आपलीच, अशा रीतीने आपल्या पिढ्या येथे वाढल्या.

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. ससे आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेले होते आणि ती आठवण सुखाची नव्हती. ती पुढे सांगूच. त्या दिवशी नातीला ‘‘विचार करून सांगतो’’ एवढेच म्हटले आणि खरोखरच विचार करू लागलो. त्यातून जे हाती आले ते या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावांचा विचार करू. संस्कृत ‘शश’ हा शब्द इंग्रजी ‘हेअर’ आणि जर्मन ‘हाझं’ या शब्दांचा भाऊबंद आहे. भाषाशास्त्रज्ञ या सर्वांचे मूळ करडा, राखाडी या अर्थाच्या एका प्राचीन धातूत शोधतात. म्हणजे ‘ससा’ हे नाव मुळात त्या प्राण्याच्या मातकट रंगावरून पडलेले आहे. ‘खरगोश’ हा शब्द फारसी. ‘खर’ म्हणजे गाढव आणि ‘गोश’ म्हणजे कान. गाढवाच्या कानांचा तो खरगोश. गंमत अशी की ‘खर’ हा शब्द गाढव याच अर्थाने संस्कृतातही आहे. याच घडणीचा ‘स्याहगोश’ म्हणजे काळ्या कानांचा, हा शब्द मोगल काळात शिकारीसाठी शिकवलेल्या एका रानमांजरासाठी रूढ होता, आणि त्या स्याहगोशाकडून ज्यांची शिकार करवीत त्यांत खरगोशही असे.

आपल्या परंपरेत हा शश सर्वत्र भेटतो. चंद्रावर तो आहे म्हणून चंद्र शशांक झाला. जातककथेत अतिथीला देण्याजोगे काहीच नाही म्हणून तो स्वतः अग्नीत उडी घेतो. पंचतंत्रात तो सिंहाला विहिरीत पाडतो. नैयायिकांनी नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून त्याला शिंगे दिली. धर्मशास्त्राने पाच नखांच्या ज्या पाच प्राण्यांना भक्ष्य मानले त्यांतही तो आहे. रामायणात मरणोन्मुख वाली रामाशी वाद घालताना हीच यादी पुढे करतो आणि मी तर त्यात बसत नाही, मग मला मारून काय मिळवलेस, असे विचारतो. मराठीने या प्राण्याच्या वाट्याला ‘ससेहोलपट’ हा शब्द दिला. चारी बाजूंनी हाकारा झाल्यावर सशाची जी धावाधाव होते तिच्यावरून तो आला. काव्यात, न्यायात, पाकशास्त्रात, शिकारीत असा सर्वत्र संचार असलेला हा प्राणी एका ठिकाणी मात्र जवळजवळ दिसत नाही, ते ठिकाण म्हणजे घर. गाय, घोडा, कुत्रा, पोपट, मैना, मोर, हरिण यांना आपल्या जुन्या वाङ्मयात अंगण मिळाले. शश रानातच राहिला.

याचे कारण प्राणिशास्त्रात आहे. आपला करडा ससा आणि पिंजऱ्यात दिसणारा पांढराशुभ्र ससा हे एकाच प्राण्याचे दोन रंग नव्हेत. ते दोन वेगळे प्राणी आहेत. भारतीय ससा उघड्या जमिनीवर गवताच्या आडोशाला राहतो, बीळ खणत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्ले आंधळी, उघडी, असहाय जन्मतात. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही निराळी, एकाची ४८ तर दुसऱ्याची ४४, आणि त्यांचा संकर होत नाही. रानातला ससा भीतीवर जगतो. त्याला कोंडले तर बहुधा तो धसक्यानेच मरतो. बिळातला ससा मात्र कळपाने, अंधाऱ्या अरुंद जागेत राहणारा असल्यामुळे पिंजरा सहन करू शकला. बालगीतांतून आणि चित्रांतून आपल्या मुलांच्या मनात बसलेला कापसासारखा ससा हा असा परदेशी पाहुणा आहे. आपण त्याला जुन्याच रहिवाशाचे नाव दिले इतकेच.

हा भेद केवळ पंडिती नाही. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शेतात सशाचे एकटे पिल्लू सापडते आणि आईवेगळे समजून कोणी तरी कनवाळूपणाने ते घरी आणतो. वास्तविक त्याची आई जवळपासच असते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती दिवसातून एकदोनदाच दूध पाजायला येते. घरी आणलेले ते पिल्लू सहसा जगत नाही. शिवाय भारतीय ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. ‘ससा पाळणे’ या शब्दांत कोणता ससा अभिप्रेत आहे हे म्हणून आधी ठरवावे लागते.

आता त्या परदेशी पाहुण्याची कुळकथा. स्पेनच्या भूमीतले हे छोटे प्राणी रोमन लोकांना ठाऊक होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हॅरोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात त्यांचा उल्लेख केला आहे. बालेआरिक बेटांवर ते इतके माजले की तेथील लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनी सांगतो. पुढे हे ससे माणसाळले कसे याविषयी एक कथा फार दिवस प्रचलित होती. इ.स. ६०० च्या सुमारास पोपने सशाची नवजात पिल्ले उपासाला चालतात असे फर्मान काढले आणि म्हणून मठवासीयांनी ससे पाळले, अशी ती कथा. २०१८ मध्ये संशोधकांनी मूळ साधने तपासली तेव्हा असे फर्मान आढळलेच नाही. दुसऱ्याच एका लेखकाच्या मजकुराशी झालेल्या गोंधळातून ती कथा जन्मली होती. २०१४ मधील एका जनुकीय अभ्यासाने पाळीव सशांचे सर्वांत जवळचे नाते दक्षिण फ्रान्समधील रानसशांशी दाखवले आहे. माणसाळण्याची प्रक्रिया संथ, शतकानुशतके चाललेली होती. तिला एक जन्मतिथी नाही.

रानातला हा ससा दीड-दोन किलोंचा. त्याचा महाकाय अवतार घडला तो आजच्या बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात, घेंट शहराच्या परिसरात. थंड, दमट हवा, भरपूर गवत, भाजीपाल्याची टाकाऊ पाने आणि मांस विकत घेणे न परवडणारी कुटुंबे अशा परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यातले मोठे नर-मादी निवडून ही जात वाढवली गेली. १८९३ मध्ये तिची प्रमाणलक्षणे प्रथम नोंदली गेली आणि त्याच दशकात ती अमेरिकेत पोचली. तेथील आजच्या प्रमाणानुसार प्रौढ नराचे वजन किमान १३ पौंड आणि मादीचे १४ पौंड, म्हणजे सुमारे सहा ते साडेसहा किलो असावे लागते. कित्येक ससे त्याहून बरेच मोठे होतात. हे मोठेपण लाडासाठी नव्हते, ते भांड्यासाठी होते, हे विसरता येत नाही. २००६-०७ मध्ये जर्मनीतील एका वृद्ध पाळकाकडून दहा-दहा किलोंच्या जातीचे बारा ससे उत्तर कोरियाने अन्नटंचाईवर उपाय म्हणून विकत घेतले. पाळक तेथे मार्गदर्शनास जाणार होता. त्याचा दौरा ऐन वेळी रद्द झाला आणि आपले ससे पैदाशीऐवजी पंगतीला गेले असावेत असा संशय त्याने बोलून दाखवला.

भारतातही महाकाय ससा आला तो याच हेतूने. राजस्थानात टोंक जिल्ह्यातील मालपुऱ्याजवळ अविकानगर येथे १९६२ मध्ये केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत रशियातून ‘व्हाइट जायंट’, ‘ग्रे जायंट’ आणि ‘सोव्हिएत चिंचिला’ या जाती भारतात आणल्या गेल्या. या तिन्हींच्या रक्तात फ्लँडर्सच्या महाकाय सशाचा अंश आहे. अविकानगरात आणि दक्षिणेत निलगिरी व कोडाईकनालच्या थंड डोंगरांतील केंद्रांत त्यांची पैदास झाली. लहान शेतकऱ्याला थोड्या जागेत, थोड्या चाऱ्यावर मांस मिळावे ही त्यामागची कल्पना. ‘जायंट’ हा शब्द आपल्या बाजारात आला तो तेथून. परंतु आपल्या हवेत आणि चाऱ्यावर या सशांचे वजन साधारणतः चार किलोंच्या आसपासच राहते. चित्रातला कुत्र्याएवढा ससा आणि विक्रेत्याने ‘जायंट’ म्हणून दाखवलेले मूठभर पिल्लू यांत हे अंतर असते. पिल्लू पाहून ते पुढे केवढे होईल हे सांगता येत नाही. त्याचे आई-बाप पाहावे लागतात, आणि ते दाखवायला जो तयार नसतो त्याच्याकडून ससा घेऊ नये. प्राणी विकणाऱ्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. ती विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

परदेशी प्राणी आणून वसवण्याचा अनुभव ग्वाल्हेरला नवा नाही. माधवराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत आफ्रिकेतून सिंह आणवून ते संस्थानच्या जंगलांत सोडले. हे सिंह गुरांवर आणि पुढे माणसांवरही हल्ले करू लागले आणि अखेर नाहीसे झाले. त्याच श्योपूर भागातील कुनोच्या जंगलात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते सोडण्यात आले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. सिंह, चित्ता आणि ससा यांची तुलना हास्यास्पद वाटेल. पण आणण्याचा उत्साह मोठा असतो आणि आणलेल्या जिवाला येथील ऊन, येथील अन्न, येथील माणसे सोसतील का हा विचार मागाहून येतो, एवढे साम्य तिन्हींत आहे.

आमच्याकडे तो मागाहूनही आला नाही. आमची मुले लहान असतानाची गोष्ट. मेळ्याच्या दिवसांत एका परिचितांकडून दोन पांढरे ससे घरी आले. दोन्ही माद्या आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. थंडीत ते चौकात बागडले. साऱ्या वाड्याचे ते लाडके झाले. सशाचा गर्भकाळ जेमतेम महिन्याचा असतो हे आम्हांस पहिली वेत झाली तेव्हा कळले. एप्रिलपर्यंत घरात अकरा ससे होते. चौकात घाण होते म्हणून गच्चीवर पत्र्याचे छप्पर टाकून तेथे त्यांची सोय केली. मे महिन्यातल्या एका दुपारी वर गेलो तेव्हा मूळची मादी कुशीवर पडलेली होती, कान रक्ताने तांबारलेले, तोंड उघडे. पाण्याचे भांडे भरलेले होते, पण हातही लावता येणार नाही इतके ते पाणी तापले होते. उरलेले ससे दोन दिवसांत एका अनोळखी माणसाने टोपलीत घालून नेले. तो त्यांचे काय करणार हे आम्ही विचारले नाही. विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. मुलांना ‘ते शेतावर गेले’ असे सांगितले.

त्या दुपारी काय घडले हे आज नीट सांगता येते. सशाला घाम येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकून अंग निववणेही त्याला फारसे साधत नाही. कानांतल्या रक्तवाहिन्यांतून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढाच त्याचा आधार. पंधरा-वीस अंश तापमान त्याला मानवते. तीसच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि पस्तीसला जिवावर बेतते. आमच्या ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये पंचेचाळीस गाठतो. त्यातही प्राणी जितका मोठा तितके वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचे पृष्ठफळ कमी, म्हणून उष्णता बाहेर टाकणे त्याला अधिक अवघड. थंड फ्लँडर्सने घडवलेले हे थोराड शरीर आपल्या लूसाठी सर्वांत गैरसोयीचे आहे. महाकाय ससा मिळणे ही पहिली अडचण असली तरी मोठी अडचण ती नव्हे.

तरीही जे घर त्याला आणू इच्छिते त्याने काय करावे? जुन्या वाड्यांत याचे अर्धे उत्तर आहे. जाड दगडी भिंतींचे तळमजल्याचे माजघर, वाळ्याचे पडदे, फरशीचा गारवा या गोष्टी आपल्या पूर्वजांनी स्वतःसाठी केल्या, त्या सशालाही चालतात. उन्हाळ्यात कूलर किंवा वातानुकूलन असलेली खोली त्याला द्यावीच लागते. वीज गेल्यावर पाण्याने भरून गोठवलेल्या बाटल्या कापडात गुंडाळून जवळ ठेवता येतात. जमीन तारेच्या जाळीची नसावी. जड सशाच्या तळपायांना तिने जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजण्यासाठी आणि पोट चालण्यासाठी वाळलेले गवत हाच त्याचा मुख्य आहार असतो. गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे. गणपतीला रोज दूर्वा खुडणाऱ्या घराने एक जुडी त्याच्यासाठीही खुडावी. आपले मऊ लेंडूक तो पहाटे परत खातो, त्याचा विटाळ मानू नये. त्याची पचनक्रिया तशीच आहे. कान धरून त्याला कधीही उचलू नये. मागील पायांखाली हात देऊन उचलावे, कारण त्याने जोराने झटका दिला तर त्याचाच कणा मोडतो. मादीला गर्भाशयाचा कर्करोग फार प्रमाणात होतो, म्हणून नराप्रमाणे तिचीही शस्त्रक्रिया करून घेणे हिताचे. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आपल्या शहरांत सहज भेटतात. सशांचा अनुभव असलेला डॉक्टर ससा आणण्यापूर्वी शोधून ठेवावा. पेनिसिलीनच्या वर्गातील औषधे तोंडावाटे दिल्यास ससा दगावू शकतो, एवढे तरी घरच्यांना ठाऊक असावे. आणि हे सर्व पाच ते आठ वर्षे करावयाचे आहे. नीट सांभाळला तर महाकाय ससा साधारण इतके जगतो. कंटाळा आल्यावर त्याला बागेत किंवा तिघऱ्याच्या काठी ‘मोकळे’ सोडणे म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणे होय. तो रानातला शश नाही. ऊन, तहान आणि शत्रू यांची त्या करड्या भावाला असलेली जाण या पांढऱ्याजवळ नसते.

हे सारे नातीला सोप्या भाषेत सांगितले. गच्चीवरची हकीकतही लपवली नाही. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग ‘‘आपण उन्हाळा संपल्यावर आणू, आणि एकच आणू’’ असे म्हणाली.

येथे आणखी एका शब्दाची आठवण होते. ‘ससेमिरा’ हा मराठीतला रोजचा शब्द. कोणाचा तरी ससेमिरा मागे लागला असे आपण म्हणतो आणि त्याचा सशाशी काही संबंध असावा असे अनेकांना वाटते. तसा तो नाही. सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतील एका कथेची ही चार अक्षरे आहेत. रानात वाघाच्या भीतीने झाडावर चढलेल्या राजपुत्राला तेथल्या अस्वलाने आश्रय दिला. राजपुत्र झोपला असता अस्वलाने पहारा केला आणि वाघाने परोपरीने सांगूनही त्याला खाली ढकलले नाही. मग अस्वल झोपले, आणि राजपुत्राने मात्र आपल्या सुटकेसाठी त्याला ढकलले. अस्वल फांदीला धरून वाचले. राजपुत्राला वेड लागले आणि तो ‘स-से-मि-रा’ एवढेच बरळू लागला. पुढे एका ज्ञात्याने त्या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक म्हटले आणि एकेका श्लोकासरशी एकेक अक्षर गळत जाऊन राजपुत्र शुद्धीवर आला. त्यांतल्या पहिल्याचा आशय असा, की विश्वासाने जवळ आलेल्याला फसवण्यात कसले चातुर्य आणि मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला पुरुषार्थ?

व्युत्पत्तीने जे नाते नाही ते आमच्या मनाने जोडले आहे. त्या टोपलीचा ससेमिरा आमच्या मागे पुष्कळ वर्षे होता.

दसऱ्यानंतर घरी एक पांढरा नर ससा आला. त्याचे आई-बाप आम्ही पाहिले होते, शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरही आधी ठरवले होते. नातीने त्याचे नाव भीम ठेवले. तो चित्रातल्याएवढा झाला नाही. काट्यावर चार किलो दोनशे ग्रॅम भरला. या उन्हाळ्याच्या चाळीस-पंचेचाळीस दुपारी आम्ही दोघांनी, म्हणजे भीमाने आणि आम्ही, माजघरात वाळ्याच्या पडद्याआड काढल्या. मांडीवर बसणे त्याला रुचत नाही. तो आमच्या पायाशी फरशीवर पाय पसरून, डोळे मिटून पडतो. बाई अजून त्याला ‘खरगोश’च म्हणतात, आणि त्यांची हाक ऐकून तो कान टवकारतो.